कॉलेजने मुलगी बघितली

समस्त पालकवर्ग, होतकरू विद्यार्थी आणि त्यांना शेजारून फुकट सल्ले पुरवणारी थोर मंडळी यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, कॉलेजात प्रवेश देणारे लोक समोर आलेल्या मुलामुलीत नेमकं काय बघतात, हे गुपित प्रस्तुत लेखिकेला मॅट्रिक झाल्या झाल्याच कळलेलं आहे. ज्यांचं काळीज नाजूक असेल त्यांनी घोटभर पाणी पिऊन यावं. बाकीच्यांनी पुढे सरकून बसावं, कारण मी हे हळू आवाजात सांगणार नाही. हळू आवाजात सांगण्याचं वय माझं होतं तेव्हा मला गप्प बसवलं होतं. आता पन्नाशी उलटली, आवाज फुटला, रक्तदाब वाढला, आणि डॉक्टर म्हणतात चिडू नका. मी त्यांना म्हटलं, एक प्रकरण लिहून होऊ दे, मग बघू.

आम्ही कल्याणात पारनाक्याच्या मागच्या आळीत राहत होतो. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे मोरी आणि मोरीला लागून एक आडमुठं पेरूचं झाड. अण्णा, म्हणजे माझे वडील, शहाडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. सकाळी कारखान्याचा भोंगा वारा अनुकूल असला की आमच्यापर्यंत ऐकू यायचा, आणि तो ऐकून अण्णांच्या हातातला चहा बशीत सांडायचा, हे इतकं ठरलेलं की बशी आई मुद्दाम खोलगट देत असे. घरात खरी सत्ता आत्याची. अण्णांची ही थोरली बहीण लग्नानंतर वर्षाच्या आत परत आली होती ती कायमची, आणि आल्यापासून आमची सरसेनापती झाली होती. आई फार कमी बोलायची. परक्या माणसांसमोर तर तिचं बोलणं मी कधी ऐकलंच नव्हतं. तिच्या बांगड्यांच्या आवाजावरून घरात सगळं समजायचं: एक किणकिण म्हणजे पाणी आणा, दोन म्हणजे पुरे झालं, आणि बांगड्या दंडावर सरकवल्या की आता कोणीतरी मार खाणार.

मी मॅट्रिक झाले त्याच साली माझ्या ताईचं लग्न झालं होतं. त्याआधीची दोन वर्षं आमच्या घरात दुसरा उद्योगच नव्हता. मुलगी बघायला माणसं यायची, ओटीवरच्या सतरंजीवर बसायची, पोहे खायची, ताईला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायची आणि ‘कळवतो’ म्हणून टांग्यात बसून स्टेशनाकडे जायची. या प्रकाराचं आमच्याकडे एक शास्त्र तयार झालं होतं. बघण्याची साडी वेगळी होती, मोरपिशी रंगाची, ती एरवी कोणी नेसायचं नाही. बघण्याची चाल वेगळी, नजर वेगळी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलीने लगेच द्यायचं नाही, वडिलांनी द्यायचं. समोरचा चुकीचं बोलला तरी दुरुस्त करायचं नाही. वडिलांनी मध्येच ‘स्वभावाने अगदी गरीब आहे’ हे वाक्य घालायचं. आईने आतल्या दाराआड उभं राहायचं आणि बांगड्यांनी सूचना द्यायच्या. ताई या सगळ्यातून गेली, निमूटपणे गेली, आणि शेवटी एका कुटुंबाने तिला पसंत केलं. लग्नात अण्णा रडले, ते मुलगी जाणार म्हणून, की पुन्हा सतरंजी झटकावी लागणार नाही म्हणून, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मी त्या काळात मागच्या खोलीत तुरटीचे खडे वाढवत होते. हसू नका. आमच्या शाळेत रसायनांचं एक कपाट होतं. त्याला कुलूप असे, आणि मास्तर ते सहामाहीत एकदा उघडत. आतल्या बाटल्यांमध्ये एक मोरचुदाची होती. इतका निळा रंग मी आयुष्यात दुसरीकडे पाहिला नव्हता. मास्तरांनी सांगितलं की संपृक्त पाण्यात दोऱ्याला बांधून खडा सोडला की तो वाढतो, कोनाकोनाने, जणू कोणी आतून पैलू पाडतंय. मोरचूद घरात आणायला आत्याने बंदी केली, म्हणून मी तुरटीवर भागवलं. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत माझा खडा सुपारीएवढा झाला. मला एवढंच करायचं होतं जन्मभर: कशात काय विरघळतं आणि पुन्हा कसं बाहेर येतं, ते बघायचं. मॅट्रिकला मी आमच्या शाळेत मुलामुलींत पहिली आले. गणितात आणि शास्त्रात तर मास्तरांनी पेपर दोनदा तपासला म्हणे, विश्वास बसेना म्हणून. अण्णा खूष होते. ‘शिकू दे,’ एवढंच म्हणाले, पण ते म्हणताना बशीत चहा सांडला नाही, यावरून मी ओळखलं की मनापासून म्हणताहेत. कल्याणात तेव्हा कॉलेज नव्हतं. अर्ज मुंबईच्या एका दगडी कॉलेजात केला, सायन्सला. आणि मुलाखतीला पालकांसह या असं उत्तर आलं.

आता ही मुलाखत म्हणजे काय, हे आमच्या आळीत कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी घरात वालाचं बिरडं व्हायचं होतं, म्हणून मोड आलेले वाल सोलायला सगळ्या परातीभोवती बसल्या होत्या, आणि परातीभोवतीच ती ऐतिहासिक परिषद भरली. शेजारचा मधू त्याच कॉलेजात वर्षभर जाऊन आलेला, तो ओटीच्या पायरीवर बसून आम्हाला ज्ञान देत होता. तो म्हणाला, ते लोक पर्सनॅलिटी बघतात. अण्णांनी विचारलं, ती कशी दाखवायची. मधूने बराच विचार केला आणि म्हणाला की ती असावी लागते. समोरच्या काकू म्हणाल्या की त्यांच्या भाच्याचे बूट बघितले होते. आणखी कोणी म्हणालं अक्षर बघतात, कोणी म्हणालं घरात वर्तमानपत्र कुठलं येतं ते विचारतात. वालाची सालं साचत होती, बोटं बुळबुळीत झाली होती, आणि अण्णांचा चेहरा उतरत चालला होता. तेव्हा आत्याने परात बाजूला सारली आणि निकाल दिला. म्हणाली, चार पुरुषमाणसं बसणार, मुलीला समोर बसवणार, प्रश्न विचारणार आणि नंतर कळवणार; यात नवीन काय आहे, आपण दोन वर्षं दुसरं काय केलं?

सगळ्यांचे चेहरे उजळले. अगदी खरं सांगते, अण्णांच्या खांद्यावरून ओझं उतरलेलं दिसलं. परीक्षा कठीण असेल, पण अभ्यासक्रम ओळखीचा निघाला. दुसऱ्या दिवसापासून माझी तालीम सुरू झाली. मोरपिशी साडी बाहेर निघाली. नजर दोन हातांपुढे, जमिनीवर. पाऊल आवाज न करता. आत्या ओटीवर प्राचार्य होऊन बसायची आणि मी स्वयंपाकघरातून प्रवेश करायचे. ती विचारायची, ‘नाव काय गं मुली तुझं?’ आणि मी उत्तर देण्याआधी मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे. आम्ही एक भूपाळीसुद्धा बसवली, कारण मुलाकडचे हमखास गायला सांगतात. मी चिडले, म्हटलं की अगं आत्या, ते मला वायूंचे नियम विचारतील. आत्या म्हणाली, ‘विचारू देत की. गाणं आलं म्हणून नियम विसरायला होतं का?’ मधू कुंपणावरून हसत होता. त्याला मी पेरू फेकून मारला, तो लागला, आणि त्या आठवड्यातला तेवढाच एक प्रसंग मला समाधान देऊन गेला.

मुलाखतीच्या दिवशी अण्णांनी लग्नातला काळा कोट घातला. आई बरोबर आली, कारण आत्याच्या शास्त्रात मुलीची आई जवळपास असावीच लागते. पण त्या दगडी इमारतीत आतलं दार नव्हतं. होता एक लांबच लांब व्हरांडा, त्यात बाकं, आणि बाकांवर मुलं. इस्त्रीचे शर्ट, तेल लावलेले भांग, आणि त्यांचे वडील एकमेकांना ओळखणारे. माझ्याआधी एक उंच मुलगा आत गेला. बाहेर त्याच्या वडिलांनी अण्णांना त्याचे गुण सांगितले होते, ते माझ्याहून बरेच कमी होते, आणि हे त्यांनी अगदी मोकळेपणाने, हसत सांगितलं होतं. दार लोटलेलं होतं, त्यामुळे आतलं ऐकू येत होतं. त्याला विचारलं की तू फलंदाज की गोलंदाज. मग आत सगळे हसले. मग विचारलं, काका कसे आहेत. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात फी भरायची चिठ्ठी होती. मला त्याचा राग नाही आला. मला वाटलं, हे सुरुवातीचं झालं असेल. अवघड प्रश्न माझ्यासाठी राखून ठेवले असतील. माझ्या घशापर्यंत सगळं रसायनशास्त्र आलेलं होतं. कोणी नुसतं बोट लावलं असतं तरी सांडलं असतं.

आत दोघे होते. एक टाय बांधलेले, ते इंग्रजीत कागद वाचायचे आणि मराठीत जांभई द्यायचे. दुसरे बंद गळ्याच्या कोटातले, वयस्कर, गोड बोलणारे. कोपऱ्यातल्या टेबलावर एक कारकून कागदांवर शिक्के मारत होता. अण्णांना आणि मला खुर्च्या दिल्या. आईसाठी खुर्ची नव्हती, ती कारकुनाने उठून दिली आणि स्वतः उभ्याने शिक्के मारू लागला. आई त्या खुर्चीच्या कडेवर बसली. परक्या पुरुषांसमोर खुर्चीत बसण्याची तिची ती पहिली वेळ होती.

कोटवाल्यांनी पहिला प्रश्न अण्णांना विचारला. मुलगी कितवी? अण्णा म्हणाले, दुसरी. थोरलीचं झालं का? झालं, याच साली. कुठे दिली? अण्णांनी सांगितलं. मग विचारलं, हिचं कधी करायचं मनात आहे. मी मान वर केली. आत्याच्या शास्त्रात मान वर करणं बसत नव्हतं, पण मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच खोलीत आलो. आणि माझे अण्णा, स्टोअरमधला एकेक नट आणि बोल्ट ज्यांना पाठ, ते माझे गुण सांगायचे सोडून म्हणाले, ‘स्वभावाने अगदी गरीब आहे, साहेब. उलट उत्तर देणार नाही. शिवणटिपण येतं.’ त्यांना दोष कसा देऊ? समोरून प्रश्न जसे आले तशी त्यांच्या तोंडून उत्तरं आली. दोन वर्षांची सवय. आत्याची चूक झाली असती, तर आम्ही नंतर तिला खूप चिडवलं असतं. पण चूक झालीच नव्हती. ती बरोबर निघाली, हाच तर माझ्या संतापाचा विषय आहे. त्या आळीतल्या सगळ्या मंडळींपैकी एकट्या आत्याला कळलं होतं की कॉलेज काय बघणार आहे.

टायवाल्यांनी विचारलं, कल्याणहून रोज येणार? उशीर झाला तर? प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालतं, घरी चालेल? तब्येत कशी असते? चष्मा? नाही ना? मग आर्ट्स का घेत नाही, मुलींना बरं पडतं. हे सगळं अण्णांना. मी त्यांच्या शेजारी मोरपिशी साडीत एखाद्या गुंडाळून ठेवलेल्या वस्तूसारखी बसले होते. शेवटी कोटवाले माझ्याकडे वळले, आणि मी सरसावून बसले, कारण आता वायूंचे नियम येणार होते. ते म्हणाले, ‘बाळ, गाता येतं का? आमच्या गॅदरिंगला मुलींचे आवाज कमी पडतात.’

मी म्हटलं, नाही. अण्णा म्हणाले, येतं, येतं.

आणि मी गायले. त्या खोलीत, भर दुपारी, भूपाळी. ओळीमागून ओळ, नजर दोन हातांपुढे. कोपऱ्यात कारकून शिक्के मारत होता, ते थांबले नाहीत, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत तर ते माझ्या समेवर पडायला लागले. आजही पोस्टात कोणी भराभर शिक्के मारायला लागलं की माझ्या कानशिलात काहीतरी तापतं, आणि मी तिकिटं न घेता बाहेर येते. कोटवाल्यांनी मान डोलावली. आवाज चांगला आहे, म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला आणि अगदी घरच्यासारखं समजावून सांगितलं. त्यांचं ते बोलणं मी आजही जसंच्या तसं म्हणून दाखवते, आवाज काढून, आणि माझे विद्यार्थी हसतात, पण मला हसू येत नाही. ‘हे पाहा,’ ते म्हणाले, ‘मुलगी हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. पण सायन्सच्या जागा मोजक्या. मुलगी दोन वर्षं शिकते आणि लग्नाची पत्रिका घेऊन आम्हाला भेटायला येते. जागा फुकट जाते. तीच जागा मुलाला दिली तर एक घर उभं राहतं. आम्हाला हे बघावं लागतं.’

झालं. हेच ते गुपित. ते गुण बघत नाहीत, अक्षर बघत नाहीत, बूटही बघत नाहीत. समोरच्या माणसात आपण काय पेरलं तर आपल्याला आणि आपल्यासारख्यांना काय मिळेल, ते बघतात. मी कोणत्या रागाने हे लिहिते आहे, ते कळावं म्हणून सांगते: मी स्वतः पुढे रसायनशास्त्र शिकवलं, आणि इथे कॉलेजं झाल्यावर प्रवेशाच्या टेबलामागेसुद्धा किती वर्षं बसले. पलीकडून अगदी तसंच दिसतं. कोट गेले, बुशशर्ट आले. ‘लग्न कधी’ असं आता कोणी विचारत नाही, ते मागे पडलं. आता ‘कमिटमेंट’ बघतात. गेल्याच वर्षी आंबिवलीची एक मुलगी आली होती, हातावर मेंदी, कोणाच्या तरी लग्नाची. माझ्या शेजारच्या तरुण प्राध्यापकाने, चांगला मुलगा आहे एरवी, तिची मेंदी बघितली आणि माझ्याकडे वाकून म्हणाला, मॅडम, टिकेल का हो ही? मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला. त्या पोरीला मी मोरचूद पाण्यात टाकल्यावर काय होतं ते विचारलं, तिने सांगितलं, आणि आम्ही तिला घेतलं. तिला कोणी तरी विचारायला हवं होतं, बस.

माझं त्या दगडी कॉलेजात काय झालं, ते आताच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच आशा लावून बसणार नाही. माझं नाव त्यांच्या फळ्यावर लागलं नाही. दुसऱ्या एका कॉलेजने गुणांचा कागद बघून, मला न बघता, घेतलं. तिथे मला पहिल्याच आठवड्यात मोरचुदाची बाटली हातात मिळाली. ताईला ते कळल्यावर ती माहेरी आली, मोरपिशी साडी मागून घेतली, तिचे दोन तुकडे केले आणि मला प्रयोगशाळेत वापरायला फडकी शिवून दिली. शिवताना दाताने दोरा तोडायची, तो फार जोरात तोडायची.

पण हे सगळं नंतर. त्या दुपारी, त्या खोलीत, कोटवाले बोलायचे थांबले तेव्हा अण्णा उठले. त्यांनी हात जोडले. मुलीकडच्यांनी शेवटी जोडायचे असतात तसे, कोपरं अंगाला चिकटवून. ‘आपण म्हणाल तसं,’ म्हणाले. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते, आणि मला त्या बोटांचा इतका राग आला की डोळ्यांसमोरचं दिसेना. टायवाल्यांनी पुढच्या मुलाचा कागद उचलला होता. कारकून शिक्का शाईत बुडवत होता. बांगड्या वाजल्या. मला वाटलं, आई आम्हाला निघायची खूण करते आहे. मी वळले, तर ती बांगड्या दंडावर सरकवत होती, एका हाताच्या, मग दुसऱ्या हाताच्या. इतका वेळ खुर्चीच्या काठावर टेकलेली ती आता मागे सरकून नीट बसली. पाठ टेकली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. अण्णा कुजबुजले, ‘अगं, चल.’ तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती जे बोलली ते आमच्या घरात कोणाला, अण्णांनाही, तोवर ठाऊक नव्हतं, आणि इतक्या मोठ्याने बोलली की व्हरांड्यातल्या बाकांवरची कुजबूज थांबली:

‘अहो, मीसुद्धा चौथीला पहिली आले होते, आणि तिथेच मला शाळेतून काढलं. माझी जागा ज्या मुलाला दिलीत, त्याने काय दिवे लावले ते सांगा आधी.’